आधी काम, मग कमांड

लिनक्स शिकायचं म्हटलं की दिल्लीत पहिला सल्ला मिळतो तो क्लास लावण्याचा. लक्ष्मीनगरपासून नोएडापर्यंत आणि साउथ एक्स्टेंशनपासून गुरुग्रामपर्यंत या शहरात सीएपासून आयएएसपर्यंत प्रत्येक गोष्टीचा क्लास आहे. मुक्त संगणकप्रणाली तरी त्यातून कशी सुटणार? सल्ल्याचा क्रमही ठरलेला. आधी पन्नासेक कमांड पाठ करायच्या, फाइलींच्या परवानग्यांचे आकडे घोकायचे, मग प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची. स्वतःच्या मशीनवर ती प्रणाली टाकायची की नाही, ते नंतर बघू. याच्या अगदी उलट सांगणारेही भेटतात. त्यांच्या मते शिकवण्यासारखं त्यात काही नाही, माणसाला मशीनसमोर बसवा, आपोआप येईल. आणि या दोघांच्या भांडणात न पडता तिसरे शांतपणे सांगतात, की हे इंजिनिअरांचं खेळणं आहे, चारचौघांना आपलं विंडोजच बरं. तिन्ही मतं एकमेकांविरुद्ध दिसतात खरी, पण त्यांच्यात एक गोष्ट समान आहे: शिकणाऱ्याला त्या मशीनवर करायचं काय आहे, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं, की नवख्याची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी. स्वतःचं एखादं रोजचं, खरोखर पुरं करायचं असलेलं काम लिनक्सवर हलवावं आणि कमांडना त्या कामाच्या मागून येऊ द्यावं. याला पुरावा आहे, आणि तो बराचसा दिल्लीतलाच आहे.

आधी क्लासवाल्यांची बाजू घेऊ, कारण तिच्यामागे सरकारी शिक्का आहे. दिल्लीत मुख्यालय असलेल्या ‘नाइलिट’ या केंद्र सरकारी संस्थेचा सीसीसी हा संगणक-साक्षरतेचा ८० तासांचा अभ्यासक्रम उत्तर भारतात घरोघरी माहीत आहे. उत्तर प्रदेशातल्या अनेक सरकारी भरत्यांमध्ये तो मागितला जातो, त्यामुळे नोएडा-गाझियाबादच्या गल्ल्यांमध्ये त्याच्या पाट्यांना तोटा नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे एमएस-सीआयटी आठवावी. फरक एवढाच, की एमएस-सीआयटी वर्षानुवर्षं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसभोवती फिरत राहिली, तर नाइलिटने २०१९ च्या सुमारास सीसीसीचा अभ्यासक्रम बदलताना मायक्रोसॉफ्ट ऑफिसला मुक्त पर्याय असलेलं लिबरऑफिस आत घेतलं आणि विंडोजच्या शेजारी लिनक्सलाही पाट मांडून दिला. धोरण म्हणून हे चांगलंच झालं. पण ८० पैकी ५० तास प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवल्यावर परीक्षा ठेवली ती ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांची. मग व्हायचं तेच झालं. लिबरऑफिस रायटरमध्ये झूम जास्तीत जास्त किती टक्के करता येतं, अमुक कामाला कीबोर्डवरची कुठली बटणं, फाइलच्या नावापुढची अक्षरं कोणती, असल्या प्रश्नांच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि क्लास म्हणजे त्या पुस्तिकांचं पारायण होऊन बसलं. लिबरऑफिस एकदाही न उघडता लिबरऑफिसची परीक्षा पास होता येते, ही किमया फक्त आपल्याकडेच साधू शकते. क्लासवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. परीक्षा जे मोजते तेच ते शिकवणार. आणि हे वेगळ्या तऱ्हेने मोजता येतं, हे त्याच बाजारातल्या दुसऱ्या परीक्षेवरून दिसतं. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. उमेदवाराला चालू मशीन मिळतं, त्यावर दिलेली कामं करून दाखवायची असतात, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर केलेलं काम टिकलं नाही तर गुण जातात. ती परीक्षा नवख्यांसाठी नाही, सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. तरीही तिच्यातून एक गोष्ट कळते: जिथे नोकरी देणाऱ्याचा पैसा पणाला लागतो, तिथे पाठांतरावर कुणी भरवसा ठेवत नाही. तो भरवसा फक्त सामान्य माणसाच्या साक्षरतेच्या वाट्याला आला आहे.

आता दुसरं टोक. ‘मुलांना मशीन द्या आणि बाजूला व्हा’ या मताचं जन्मस्थानही दिल्लीच आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी सुगत मित्रांनी कालकाजीतल्या एनआयआयटीच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या झोपडवस्तीसाठी संगणक बसवला. मुलं कुणी न शिकवता माउस चालवायला, चित्रं रंगवायला, इंटरनेटवर भटकायला शिकली. प्रयोग जगभर गाजला, २०१३ मध्ये मित्रांना टेड पारितोषिकही मिळालं. मुलं शिकली हे खोटं नाही. पण किती आणि कुठवर, हे पाहायचं तर दिल्ली सरकारच्या साथीने २००० मध्ये आंबेडकरनगरात तसेच पाच संगणक बसवले गेले, तिकडे वळावं लागतं. मार्क वॉर्शॉअर या अमेरिकी अभ्यासकाने ती जागा पाहून २००२ मध्ये जे लिहिलं, ते कालकाजीच्या कौतुकात सहसा सांगितलं जात नाही. इंटरनेट क्वचितच चालत असे, हिंदीत काही मजकूर नव्हता, आणि मुलांचा जवळजवळ सगळा वेळ चित्रं काढण्यात आणि खेळण्यात जाई. यात मुलांचा दोष नाही, कुतूहलाचाही नाही. मशीनवर जेवढं करण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं आणि ती थांबली. पुढे जायला काही कारणच नव्हतं.

त्याच सुमाराला, त्याच शहरात, तिसरी एक गोष्ट चालू होती, आणि माझा मुख्य पुरावा तो आहे. २००१ मध्ये सीएसडीएस या संशोधनसंस्थेच्या ‘सराय’ या उपक्रमाने आणि शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ‘अंकुर’ने मध्य दिल्लीतल्या एलएनजेपी वस्तीत ‘सायबरमोहल्ला’ सुरू केला. लहानशी खोली, मोजके संगणक, त्यांवर मुक्त सॉफ्टवेअर, जोडीला आवाज टिपण्याचं यंत्र आणि कॅमेरा. पुढे दक्षिणपुरीच्या पुनर्वसन वसाहतीत आणि यमुनाकाठच्या नांगला माचीत तशाच खोल्या निघाल्या. येणाऱ्यांत शाळा सुटलेली मुलं होती, मुली होत्या. लिनक्स म्हणजे काय, यावर त्यांना व्याख्यान द्यायचं कुणी ठरवलं नव्हतं. भिंतीतल्या भोकासारखं मशीन लावून कुणी निघूनही गेलं नव्हतं. त्यांना लिहायचं होतं. आपल्या गल्लीतले आवाज, नळावरची रांग, रात्रीची वर्दळ रोज थोडी थोडी लिहायची, ती टाइप करायची, चित्र आणि आवाज जोडायचा, दुसऱ्यांना वाचून दाखवायची, भित्तिपत्रावर लावायची. यातून २००२ मध्ये ‘गलियों से’ हे पुस्तक झालं. २००६ मध्ये नांगला माची पाडली जात होती तेव्हा तिथल्या तरुणांनी तो सगळा काळ स्वतः नोंदवून ठेवला. ज्यांच्या घरी कदाचित टाइपरायटरही कधी आला नसेल अशी ही मुलं, शहरातल्या सुखवस्तू घरांनी ‘अवघड’ म्हणून बाजूला ठेवलेल्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम करत राहिली. याचं कारण त्यांच्या बुद्धीत शोधायची गरज नाही. त्यांना उद्या पुन्हा त्या मशीनपाशी यावंच लागेल असं काम हातात होतं, आणि अडलं तर विचारायला शेजारी माणूस होतं. क्लासमध्ये यातलं दुसरं असतं आणि पहिलं नसतं. कालकाजीच्या भिंतीपाशी दोन्ही नव्हतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो. ती मुलं लिनक्स शिकलीच नाहीत, लिनक्सवर लिहायला शिकली. लिबरऑफिस वापरता येणं म्हणजे प्रणाली येणं का? नाही, हे मान्य. पण खरं काम माणसाला कार्यक्रमाच्या खिडकीत फार दिवस बसू देत नाही, ते त्याला आज ना उद्या प्रणालीच्या दारात नेऊन उभं करतं. समजा एखाद्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे सहाशे फोटो चार जणांच्या मोबाइलमधून गोळा केलेत. नावं सगळी यंत्राने दिलेली, तारखा सरमिसळ. हाताने नावं बदलायची तर रात्र जाईल. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, एक ओळ लिहिली तर मिनिटही लागणार नाही. ती ओळ ज्या दिवशी हवी असते त्या दिवशी ती समजते, कारण तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याने नेमकं काय केलं ते समोरच्या फोटोंवर दिसतं. मग ते फोटो दुसऱ्या कुणाच्या फोल्डरमध्ये टाकायला जावं, तर ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळतं. वापरणारे वेगळे का, रूट नावाचा सर्वाधिकारी कोण, आपल्याच मशीनवर आपल्याला अडवणं शहाणपणाचं का, हे तीन प्रश्न त्या एका नकारातून निघतात. डिस्क भरली की सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह शोधणाऱ्याला कळतं, की इथे सगळं एकाच झाडाच्या फांद्यांवर आहे आणि जागा कुणी खाल्ली ते फांदीफांदीने मोजता येतं. पेनड्राइव्ह घाईने उपटला आणि फाइल अर्धीच गेली, की प्रणाली डिस्कवर सावकाश लिहिते हे कळतं. फाइल, वापरकर्ता, परवानगी, चालू असलेली प्रक्रिया, जोडलेलं उपकरण: अभ्यासक्रमातल्या पहिल्या पाच प्रकरणांचे हेच मथळे असतात. मेट्रोचा नकाशा पाठ करणाऱ्याला स्टेशनांचा क्रम येतो, चांदणी चौकातली गल्ली येत नाही; पण गल्लीत रोज जाणाऱ्याला नकाशा हवासा वाटायला लागतो. पुस्तकांना माझा विरोध नाही. लिनक्स ज्या प्रणालीच्या घडणीवर बेतलं आहे त्या युनिक्सवरच्या सुमिताभ दास यांच्या पुस्तकाने आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना वाट दाखवली आहे. ते पुस्तक उघडायची वेळ कोणती, एवढाच माझा वाद आहे.

आणि ही कामाची वाट नवख्यांसाठी काढलेली सोपी पळवाट नाही. या प्रणाली जन्मल्याच अशा. बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये केन टॉम्प्सन एका पडीक मशीनवर आपला अंतराळप्रवासाचा खेळ चालवण्याच्या खटपटीत होते, आणि युनिक्सच्या आरंभाशी ती खटपट जोडलेली आहे. पुढे युनिक्ससाठी चांगलं मशीन मिळालं ते पेटंट विभागाला अर्ज नीट टाइप करून, रकाने जुळवून हवे होते म्हणून. त्या अर्जांपायी युनिक्सला ते घडवणाऱ्या संशोधकांच्या गटाबाहेरचे पहिले वापरकर्ते मिळाले. लिनस टोरवाल्ड्सनी १९९१ मध्ये हेलसिंकीत सुरुवात केली ती घरच्या संगणकावरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडून घेण्याच्या कार्यक्रमापासून. त्याला फाइली साठवता याव्यात, डिस्क वाचता यावी, असं करत करत त्याची प्रणाली झाली. ज्यांनी ती घडवली त्यांना कामामागून प्रणाली सापडली, आणि शिकणाऱ्याला मात्र प्रणाली आधी नि काम मागून, हा उलटा क्रम कुणी लावून दिला?

आता मशीनचं बघू, कारण नवखा अडतो तो कमांडपाशी क्वचित, यंत्रापाशी नेहमी. नव्वदच्या दशकात गुरुग्रामच्या सायबरमीडियाचं ‘पीसीक्वेस्ट’ मासिक अंकासोबत लिनक्सची सीडी देऊ लागलं. २००३ मध्ये ओखल्याच्या ईएफवाय समूहाने ‘लिनक्स फॉर यू’ हे वेगळं मासिकच काढलं, २०१२ मध्ये त्याचं ‘ओपन सोर्स फॉर यू’ झालं. फोनच्या तारेवरून सहाशे-साडेसहाशे एमबीची फाइल उतरवणं ज्या काळात वेडेपणा होता त्या काळात या तबकड्यांनी लिनक्स हातात दिलं, हे मोठंच काम. पण हातात आलेलं टिकलं किती? एक अडचण तेव्हाच्या सगळ्यांना आठवेल. नेहरू प्लेसमध्ये मिळणारे स्वस्त मोडेम बहुधा ‘विनमोडेम’ असत, म्हणजे त्यांचं अर्धं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करी. लिनक्स टाकलं की मोडेम मुका, मोडेम मुका की इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही की अडचण सोडवायची कुणाला विचारून? लोक परत विंडोजकडे गेले ते लिनक्स कठीण म्हणून, असं आपण म्हणत आलो. खरं तर एक चिप चुकीची होती. आज मोडेमची जागा वायफायच्या चिपने घेतली आहे, पण उपाय सोपा झाला आहे. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबंटू घालून मशीन त्यावरून सुरू करता येतं, डिस्कला हातही न लावता. त्या लाइव्ह सत्रात वायफाय, आवाज, कॅमेरा, छपाई, झोपी जाऊन पुन्हा जागं होणं हे सगळं तपासावं, आणि चालत असेल तरच टाकावं. कुठली डिस्ट्रो, म्हणजे मिंट-उबंटूसारखा लिनक्सचा कुठला अवतार, घ्यावी यावर तरुण मुलं रात्ररात्र भांडतात. नवख्याने त्या भांडणात पडू नये, शेजारचा अनुभवी माणूस जी वापरतो ती घ्यावी.

हे मशीन नवं असण्याची गरज नाही, किंबहुना नसावंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर मोजके अपवाद सोडता ते अधिकृतपणे घेत नाही. म्हणजे २०१५-१६ चा उत्तम चालणारा लॅपटॉप एका तारखेने म्हातारा ठरला. असे लॅपटॉप नेहरू प्लेसच्या जुन्या मालात येतात आणि तिथून न खपलेले शेवटी सीलमपूरला, जिथे तांब्या-पितळेच्या भावाने ते सुटे केले जातात. त्यांपैकी एखाद्यात जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, चारऐवजी आठ जीबी रॅम केली, की शिकायला याहून चांगलं मशीन नाही. घरातल्या मुख्य लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला घाईचा वाटतो. आजकाल बऱ्याच लॅपटॉपची डिस्क कारखान्यातूनच बिटलॉकरने कुलूपबंद येते. लिनक्स बसवताना सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगशी छेडछाड केली की विंडोज पुढच्या खेपेला ४८ अंकी किल्ली मागतं, आणि ती कुठे ठेवली हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ज्या मशीनवर वडिलांची बँक आणि बहिणीचा प्रबंध आहे, ते मशीन शिकण्यासाठी नाही.

लिनक्सचा कैवार घेणाऱ्यांशीही माझे दोन मतभेद आहेत. पहिला ‘फुकट’ या मुद्द्याशी. ज्या शहरातला नेहरू प्लेसचा बाजार अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या ‘कुप्रसिद्ध बाजारपेठां’च्या यादीत नकली सॉफ्टवेअरसाठी गाजला, तिथे विंडोजची किंमतही शून्याच्या आसपासच होती. फुकट म्हणून कुणी लिनक्सकडे वळेल ही आशा दिल्लीत कधीच खरी नव्हती. वळलंच तर ते चोरीच्या प्रतीसोबत येणाऱ्या व्हायरसला कंटाळून. दुसरा मतभेद स्वदेशीच्या मुद्द्याशी. सीडॅकची ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली प्रणाली २००७ मध्ये आली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला पसंती देणारं धोरण जाहीर केलं, त्यात पुरवठादाराने मुक्त पर्याय का वगळला याचं कारण देण्याची अटही घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये साउथ ब्लॉकमधल्या संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांवर उबंटूवरून घडवलेली ‘माया’ बसवणार असल्याच्या बातम्या आल्या. प्रत्येक वेळी ‘आता देश लिनक्स शिकणार’ असे लेख निघाले, आणि धोरण आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही कारकून त्याच जुन्या मशीनवर तीच जुनी फाइल उघडून बसला. आदेशाने प्रणाली बसवता येते, सवय बसवता येत नाही. डेबियन, उबंटू, मिंट, बॉस, माया ही सगळी एकाच कुळातली असल्यामुळे एकीवर शिकलेलं दुसरीवर चालतं, तेव्हा नवख्याला देशी-विदेशीची चिंता करायचं कारणही नाही.

भाषेचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. टर्मिनल इंग्रजी, मदतीची पानं इंग्रजी, मग मराठी शाळेत शिकलेल्याने काय करावं? इथे परिस्थिती समजुतीपेक्षा बरी आहे. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे पाठ मराठी निवेदनासह आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे, अर्ध्या पडद्यावर पाठ आणि उरलेल्या अर्ध्यावर स्वतःचं काम, अशी त्यांची रीत आहे आणि ती माझ्या म्हणण्याशी पुरती जुळते. फायरफॉक्स, लिबरऑफिस मराठीत दिसू शकतात. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित मराठी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड बहुतेक डिस्ट्रोंमध्ये विकत न घेता, न शोधता मिळतात. अडतं ते जुन्या फाइलींपाशी. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये केलेला मजकूर लिनक्सवर उघडला की अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो, आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. तो दोष युनिकोडपूर्व फॉन्टचा आहे. विंडोजवर तो फॉन्ट नसला तरी हाच ढीग दिसेल. तो मजकूर एकदा युनिकोडमध्ये आणून ठेवणं हे मराठी माणसासाठी सुरुवातीचं फार चांगलं काम आहे. एक सावधगिरी मात्र सुचवतो. डेस्कटॉप हवा तर मराठीत ठेवावा, पण अडचण आल्यावर दिसणारे त्रुटींचे संदेश इंग्रजीतच येऊ द्यावेत, कारण ते जसेच्या तसे शोधले तरच जगातल्या दुसऱ्या कुणाला तीच अडचण आली होती का ते सापडतं. यात मराठीचा अपमान वगैरे काही नाही.

राहिले नोकरीवाले. टॅली, फोटोशॉप, ऑटोकॅड लिनक्सवर नीट चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनसाठी कित्येक सरकारी संकेतस्थळं विंडोजच गृहीत धरतात. लक्ष्मीनगरात सीएची तयारी करणाऱ्याने आपलं रोजचं मशीन बदलावं असं मी म्हणणार नाही. पण ‘नोकरीत विंडोज लागतं म्हणून लिनक्सचा उपयोग नाही’ हे त्याने हातातल्या मोबाइलकडे बघून म्हणावं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो. काही जण मधला मार्ग सुचवतात: विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २०१६ पासून आहे, ते वापरा. प्रोग्रॅमिंगच्या विद्यार्थ्याला ते पुरतं. पण त्यात मशीन सुरू कसं होतं, डिस्क कशी वाटली जाते, ड्रायव्हर कुठे बसतो, यातलं काहीच दिसत नाही, कारण ते सगळं खालून विंडोज सांभाळत असतं. सगळ्यात ताजा आक्षेप चॅटजीपीटीचा. कमांड आता विचारल्या की मिळतात, मग शिकायच्या कशाला? माझ्या मते या आक्षेपाने क्लासवाल्यांचीच बाजू लंगडी केली. पाठांतराची जी काही किंमत होती ती संपली, आणि उरलं ते एकच कौशल्य: मिळालेली ओळ एंटर मारण्याआधी वाचता येणं. ‘परवानगी नाही’वर उपाय म्हणून यंत्राने सगळ्या फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, लावायला सांगितलं, किंवा जागा मोकळी करायला रूटच्या अधिकाराने फाइली पुसणारी, सुडोसकट आरएमची ओळ दिली, तर हात थांबायला हवा. ज्याने आपले फोटो, आपला हिशोब, आपलं लिखाण त्या मशीनवर ठेवलंय त्याचा हात थांबतो, कारण गमावण्यासारखं काही तिथे असतं. कोऱ्या सरावाच्या मशीनवर शिकलेला बेधडक एंटर मारतो.

म्हणून मागणी करायची तर ती नाइलिटकडे करावी लागेल, क्लासांकडे नाही. अभ्यासक्रमात लिबरऑफिस आणि लिनक्स आहेतच. परीक्षार्थीला एक लिनक्सचं मशीन द्यावं, त्यात चार गोष्टी मुद्दाम अडलेल्या ठेवाव्यात (भरलेली डिस्क, परवानगी नसलेली फाइल, न निघणारं प्रिंट, भलत्या फोल्डरमध्ये हरवलेला अर्ज), मदतीची पानं उघडी ठेवावीत आणि तासाभरात त्या सोडवायला सांगाव्यात. अशी परीक्षा जाहीर झाली, की दुसऱ्या महिन्यात लक्ष्मीनगरचे तेच क्लास पुस्तिका टाकून मशीनं मांडतील. बाजार इतका हुशार नक्की आहे. एवढ्या मोठ्या संख्येची अशी परीक्षा कशी घ्यायची, हे उत्तर येणार हे ठरलेलंच. केरळात दरवर्षी चार लाखांच्या आसपास मुलं दहावीला बसतात, आणि तिथली आयटीची परीक्षा ती लिनक्सच्या मशीनसमोर बसून, काम करून देतात. गावोगावच्या सरकारी शाळांमधून ती व्यवस्था बरीच वर्षं चालू आहे. तेव्हा संख्येची सबब दिल्लीतल्या कार्यालयाने निदान केरळचं नाव निघण्याआधी तरी सांगू नये.